पुलावर स्वागत नाही

सकाळी सहा चाळीसला मी परराज्यात जाते.
डब्यात भाकरी, कालचं तिसऱ्यांचं सुकं,
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र,
त्यावरचा फोटो लग्नाआधीचा, आडनावही.
सासू उंबऱ्यातून म्हणते, "पोचल्यावर फोन कर हां."
जणू मी मस्कतला निघालेय.
सातार्डा ते तुये, चौदा किलोमीटर.

पुलाच्या अलीकडे महाराष्ट्राची पाटी आहे,
येणाऱ्यांचं स्वागत करणारी.
मी जाणारी, मला तिची पाठ दिसते,
गंजलेली, कुणीतरी खडूनं धावा मांडलेली.
पलीकडे गोव्याची पाटी, तिचं तोंड माझ्याकडे,
संध्याकाळी तीही पाठ फिरवते.
मधल्या पुलावर कुणाचंच स्वागत नाही.
खाली नदी. ह्या काठाला तेरेखोल, त्या काठालाही तेरेखोलच.
तिचं नाव बदलायचं कुणी मनावर घेतलं नाही.

स्कूटर माझी, माझ्या पहिल्या पगाराची, नंबर गोव्याचा.
परतताना ह्या बाजूचा हवालदार डिकी उघडायला लावतो.
आत रेनकोट, पेडण्याच्या बेकरीतले चार पोये.
"बाटली नाही?"
बिचाऱ्याचा चेहरा पडतो.
नवऱ्याच्या मोटारसायकलला सात नंबर,
त्याला पलीकडे अडवतात, पर्यटक म्हणून.
"सासुरवाडीला चाललोय," तो सांगतो.
"सगळे तसंच सांगतात."
आरटीओतले कुडतरकर मला म्हणाले,
"बाई, गाडी इकडच्या नावावर करून घ्या,
किती वर्षं तिला माहेरी ठेवणार?"

कारखान्यात मी पट्ट्या तपासते. दहा गोळ्या, दहा फुगे,
एक रिकामा निघाला तर अख्खी पट्टी बाद.
खोक्यांवरची लिपी मला वाचता येत नाही.
शेजारी फिलोमेना. तिचा आंतोन
पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला,
तिथं तीन बसी बदलून कामावर पोचतो.
"तुजो एकूच पूल, नशीबवान तूं," ती म्हणते,
आणि तिच्या डब्यातलं आंब्याचं लोणचं माझ्या झाकणावर ठेवते.

गेल्या महिन्यात गेटवर सभा झाली.
नोकऱ्या आधी आमच्या माणसांना, भायल्यांना नंतर.
सगळ्यांनी हात वर केले, मीही केला,
चांगला ताठ, कोपरापासून.
मग आठवलं, माझं आधार कार्ड सातार्ड्याचं.
हात खाली कधी घ्यावा ते कळेना.
फिलोमेनानं बघितलं, आणि पुढं बघायला लागली.

त्या वर्षी, साथीच्या, पुलावर पत्रे ठोकले होते.
न्हयबागला आईचं घर, आमच्या बांधावरून त्याचा माड ओळखता येतो.
तिचा दिवा लागला की मी भात चढवायची.
एकदा तिनं फणस सोलून गरे पाठवले.
तिकडच्या शिपायानं पिशवी पुलाच्या मधोमध ठेवली,
दहा पावलं मागं सरला,
मग इकडच्या धुरी हवालदारानं जाऊन उचलली,
सापाला उचलावं तशी, दोन बोटांनी.
पिशवी रिकामी परत पाठवू नये,
म्हणून मी तिच्यात मूठभर साखर बांधली.
ती तासभर पुलावर पडून होती, उन्हात.
मुंग्यांना कुणी पास विचारला नाही.

घरी मी "म्हाका" म्हटलं की जावा हसतात,
इथं "माका" म्हणतात.
एक ह, तेवढाच काय तो फरक,
पण चहा मागताना नेमका तोच पुढं येतो.
माझ्या लेकीला दोन्ही येतं.
आजीकडून काही हवं असलं की ती ह लावते,
ह्या आजीकडे काढून ठेवते,
चप्पल काढावी तितक्या सहज.

मला नाही जमत. पुलावर असताना फोन वाजला
तर मी उचलत नाही.
कोण आहे ते बघते, आणि स्कूटर काठाला लागू देते.

उद्या पुन्हा पहिली पाळी.
पेट्रोल तिकडेच भरीन, स्वस्त पडतं.
पोये संपलेत.